युनियन मोठी झाली म्हणजे वीज स्वस्त होते का? आधी तार कुठवर गेली ते बघा

ताई, तुम्ही शिरपूरला इकॉनॉमिक्समध्ये एमए करताय आणि प्रोजेक्टसाठी विचारलंय की युरोपियन युनियनमध्ये 2004 पासून एवढे नवीन देश आले, आता युक्रेन, मोल्दोव्हा आणि बाल्कनमधले देश रांगेत उभे आहेत, तर मार्केट मोठं झाल्यावर वीज आणि गॅस स्वस्त व्हायला पाहिजेत ना, मागच्या वेळी झालं का आणि पुढे होईल का. प्रश्न चांगला आहे. पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवू. स्वस्त कोणासाठी, विकणाऱ्याच्या देशात की घेणाऱ्याच्या? आणि कधीपासून, सही झाल्या दिवसापासून की खांब उभे राहून तार ओढल्यापासून? हे दोन वेगळे केले नाहीत तर तुमचा डेटा तुम्हाला एका पानावर एक सांगेल आणि दुसऱ्या पानावर उलट.

मी कुठून बोलतोय ते सांगतो. सुरुवातीची वर्षं दीपनगरच्या थर्मलला, मग कळव्याच्या लोड डिस्पॅचला, म्हणजे कुठे किती वीज जाते ते सांभाळणाऱ्या केंद्रात, शिफ्ट ड्युट्या, आणि शेवटची बरीच वर्षं पॉवर ट्रेडिंगमध्ये, म्हणजे एक्स्चेंजवर रोज वीज घ्यायची-विकायची. आता जळगावला घरी असतो. युरोपात मी नोकरी केली नाही, पण ट्रेडिंगमध्ये असताना त्यांचं मार्केट रोज वाचावं लागायचं कारण आपल्या एक्स्चेंजचं बरंचसं डिझाइन तिकडच्यासारखंच आहे, इथेही उद्याच्या विजेची बोली दुपारी 12 ला बंद होते आणि तिथेही 12 लाच.

पुस्तकाआधी केळी घ्या. रावेर-सावद्याहून दिल्लीला केळीचे वॅगन भरतात तेव्हा इथल्या बागेतला भाव दिल्लीच्या भावाकडे सरकतो, शेतकरी खूश असतो आणि जळगावच्या बाजारात डझनावर केळी घेणारी बाई म्हणते महाग झाली. वॅगन मिळाले नाहीत, रस्ता बंद पडला, की माल इथेच तुंबतो, इथे भाव पडतो आणि दिल्लीत चढतो. माल तोच, बागा त्याच, फरक फक्त मधल्या वाटेचा. विजेचं अगदी असंच आहे, उलट जास्त कडक, कारण केळी दोन दिवस थांबते, वीज एक सेकंदही थांबत नाही. त्यामुळे दोन देशांची मार्केटं जोडली की भाव खाली जातो असं नाही, भाव जवळ येतात. जिथे वीज जास्त होती तिथे थोडा चढतो, जिथे कमी होती तिथे उतरतो. दोन्हीकडचा मिळून हिशोब केला तर फायदाच होतो, हे मी मनापासून मानतो, पण तो फायदा सगळ्यांच्या बिलात सारखा उतरत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 2013 संपेपर्यंत आपला दक्षिणेचा ग्रिड, म्हणजे तारांचं जाळं, बाकी देशाशी एका फ्रिक्वेन्सीवर (विजेचे सेकंदाला पडणारे ठोके, आपल्याकडेही 50 आणि युरोपातही 50) जोडलेला नव्हता, मधे मोजक्याच लाइनी होत्या. देश एक, कायदा एक, एक्स्चेंज एक, आणि तरी रोज दुपारी निकाल लागला की स्क्रीनवर दोन भाव दिसायचे, आमच्याकडचा एक आणि तामिळनाडू-केरळचा त्याच्या कितीतरी वर, उन्हाळ्यात कधी कधी दुप्पट. आमचा एक खरेदीदार तिकडचा कापडवाला होता. त्याची बोली किमतीत बसायची पण कॉरिडॉर, म्हणजे मधल्या लाइनींतली जागा, भरलेला असायचा, मग दिवसाच्या 15-15 मिनिटांच्या 96 ब्लॉकपैकी निम्म्या ब्लॉकमध्ये त्याच्या नावापुढे शून्य यायचं आणि तो फोनवर विचारायचा की साहेब पैसे द्यायला तयार आहे तरी वीज का नाही. काय सांगणार त्याला, वीज आहे पण यायला रस्ता नाही. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन जोडली आणि अख्खा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला, तरीसुद्धा भावातली फट लगेच मिटली नाही, पुढच्या लाइनी होत गेल्या तशी ती हळूहळू कमी झाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की राजकीय नकाशा आणि विजेचा नकाशा हे दोन वेगळे कागद आहेत.

आता युरोपवर हे दोन कागद एकमेकांवर ठेवून बघा. पोलंड, चेक, स्लोव्हाकिया आणि हंगेरी युनियनमध्ये आले 1 मे 2004 ला, पण त्यांचा ग्रिड पश्चिम युरोपाशी जोडला गेला होता ऑक्टोबर 1995 मध्ये, म्हणजे साडेआठ वर्षं आधी. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया त्याच दिवशी युनियनमध्ये आले, पण त्यांच्या तारा जुन्या सोव्हिएत ग्रिडवर होत्या आणि फ्रिक्वेन्सी मॉस्कोहून सांभाळली जायची. त्या तारा त्यांनी सोडल्या 8 फेब्रुवारी 2025 ला आणि दुसऱ्या दिवशी पोलंडमार्गे युरोपाच्या ग्रिडला जोडले गेले. सभासद होऊन 20 वर्षं उलटल्यावर! उलट नॉर्वेच्या लोकांनी 1972 आणि 1994 असं दोनदा मतदान करून युनियनला नाही म्हटलं, तरी त्यांची वीज त्याच मार्केटमध्ये रोज विकली जाते. स्वित्झर्लंड चारी बाजूंनी युरोपच्या तारांनी वेढलेलं आहे, लाइनी जाडजूड आहेत, पण करार नाही म्हणून ते रोजच्या सामायिक लिलावाच्या बाहेर. युक्रेनचं तर सगळ्यांना माहितीये, 24 फेब्रुवारी 2022 च्या पहाटे त्यांनी रशियाच्या ग्रिडपासून वेगळं होऊन 3 दिवस एकट्याने चालवून बघायची चाचणी सुरू केली आणि काही तासांत युद्ध सुरू झालं, परत जोडायचा प्रश्नच उरला नाही, आणि 16 मार्चला युक्रेन आणि मोल्दोव्हा युरोपाच्या ग्रिडला जोडले गेले. सभासदत्वाचा तेव्हा पत्ता नव्हता.

म्हणून तुमच्या प्रोजेक्टमध्ये सभासद झाल्याचं वर्ष हीच एक रेषा धरून आधीचा भाव आणि नंतरचा भाव अशी तुलना केली तर काही हाती लागणार नाही. तीन तारखा वेगळ्या लिहा: ग्रिड कधी जोडला, युनियनमध्ये कधी आला, आणि उद्याच्या विजेचा लिलाव शेजाऱ्यांबरोबर एकत्र कधी सुरू झाला. रोमानिया सभासद 2007 ला, एकत्र लिलाव हंगेरीच्या बाजूने नोव्हेंबर 2014 ला. क्रोएशिया सभासद जुलै 2013 ला, स्लोव्हेनियाबरोबर लिलाव 2018 ला. या तिसऱ्या तारखेला भाव खरे हलतात, कारण त्याच्या आधी सीमेवरची जागा वेगळी विकत घ्यायची आणि वीज वेगळी, दोन्हीचा मेळ बसेलच असं नाही, कधी कधी वीज महाग भावाकडून स्वस्त भावाकडे वाहताना दिसायची. एकत्र लिलावात एकच प्रोग्राम सगळ्या देशांच्या बोल्या आणि सगळ्या लाइनींची जागा एकदम बघतो आणि ही चूक होऊ देत नाही.

मग सभासदत्वाने काय होतं, काहीच नाही का? होतं, आणि मोठं होतं, पण ते अटींमधून. यातली लिथुआनियाची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. त्यांच्याकडे इग्नालिनाला दोन मोठ्या अणुभट्ट्या होत्या, चेर्नोबिलच्या जातीच्या, आणि देशाची 70 टक्क्यांच्या आसपास वीज तिथून यायची, वर शेजाऱ्यांना विकायची. युनियनची अट होती की या बंद करा. पहिली बंद झाली 2004 च्या शेवटच्या दिवशी, दुसरी 2009 च्या शेवटच्या दिवशी. मधे 2008 ला तिथे सार्वमत झालं, मत दिलेल्यांपैकी बहुतेकांनी दुसरी चालू ठेवा म्हटलं, पण निम्मे मतदारसुद्धा आले नाहीत म्हणून ते धरलं गेलं नाही. 1 जानेवारी 2010 पासून वीज विकणारा देश वीज विकत घेणारा झाला आणि त्यातली बरीच रशियाच्या बाजूनेच यायची, कारण तार तिकडेच होती. अट सुरक्षेसाठी बरोबर होती, भट्ट्या बंद करायला युनियनने पैसेही दिले, हे मी नाकारत नाही. पण विसागिनास नावाचं गाव त्या प्लांटसाठीच वसवलेलं होतं. मी दीपनगरच्या कॉलनीत राहिलोय, जुने युनिट बंद झाले तेव्हा गेटसमोरच्या चहाच्या टपऱ्यांवर काय शांतता पसरते ते पाहिलंय. पहिल्या शिफ्टला डबे घेऊन जाणारी रांग अर्धी झाली की आधी टपरी बंद होते, मग सायकलचं दुकान, मग शाळेतली एक तुकडी. त्यामुळे "सरासरी फायदा झाला" असं वाक्य लिहिताना त्या गावासाठी एक परिच्छेद ठेवा. बल्गेरियाच्या कोझलोदुयला 4 भट्ट्या आणि स्लोव्हाकियाच्या बोहुनित्सेला 2 भट्ट्या अशाच अटीत गेल्या.

बोहुनित्सेचा पुढचा भाग गॅसशी जोडलेला आहे. दुसरी भट्टी 31 डिसेंबर 2008 ला बंद झाली आणि आठवड्याभरातच रशिया-युक्रेनच्या भांडणात गॅस थांबला, जवळपास दोन आठवडे, कडाक्याच्या थंडीत. स्लोव्हाकिया आणि बल्गेरियाचे सगळ्यात जास्त हाल झाले. स्लोव्हाक सरकारने नुकतीच बंद केलेली भट्टी पुन्हा चालू करायचा निर्णयसुद्धा जाहीर केला होता, गॅस परत आला म्हणून वेळ आली नाही. आता गंमत नाही तर मुद्दा बघा, पश्चिम युरोपात गॅस साठवलेला होता, युनियन एकच होती, पण पाइपलाइनी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहायला बांधलेल्या, उलट दिशेला ढकलायला कॉम्प्रेसरच नीट बसवलेले नव्हते. त्याच्यानंतर 2010 ला कायदा आला की सीमेवर दोन्ही दिशेने गॅस वाहायची सोय हवी. त्याच सोयीमुळे 2014 पासून युक्रेनला स्लोव्हाकियाकडून गॅस मिळू लागला. माझ्या मते पूर्वेकडचे देश आत आल्याचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे: त्यांच्या अडचणी युनियनच्या स्वतःच्या अडचणी झाल्या आणि मग जुन्या देशांना त्यावर खर्च करावा लागला.

लिथुआनियाने 2014 ला क्लाइपेडा बंदरात एलएनजीचं (थंड करून द्रव केलेल्या गॅसचं) तरंगतं जहाज आणून उभं केलं. तोपर्यंत त्यांना एकच पुरवठादार होता आणि तो सांगेल तो भाव. जहाज बंदराला लागायच्या काही महिने आधीच त्या पुरवठादाराने भाव खाली आणला. गावात एकच व्यापारी असला तर कापसाला काय भाव मिळतो आणि दुसऱ्या व्यापाऱ्याचा ट्रक नुसता फाट्यावर येऊन उभा राहिला तर काय होतं, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको.

आता घरगुती बिलाकडे येऊ, कारण सामान्य माणसाला मार्केट दिसत नाही, बिल दिसतं. पूर्वेकडच्या देशांत सरकार वीज खर्चाच्या खाली विकायचं. युनियनच्या नियमात वीज बनवणारी, वाहून नेणारी आणि वाटणारी कंपनी वेगळी करावी लागते, आणि भाव हळूहळू खऱ्या खर्चावर आणावा लागतो. नियम योग्यच आहे, नाहीतर नवीन लाइनीला पैसा येणार कुठून. पण पगार तिकडे पश्चिमेच्या तुलनेत कमी आणि विजेचा घाऊक भाव जर्मनीच्या जवळ, असं झालं की चटका बसतो. बल्गेरियात 2013 च्या फेब्रुवारीत थंडीतली बिलं बघून लोक रस्त्यावर आले आणि सरकारला राजीनामा द्यावा लागला. आणि 2024 च्या उन्हाळ्यात ग्रीस, बल्गेरिया, रोमानिया, हंगेरी या पट्ट्यात संध्याकाळचे भाव पश्चिमेपेक्षा कितीतरी वर गेले. दुपारी सोलर भरपूर, सूर्य मावळला की एसी चालू पण सोलर शून्य, शेजारच्या युक्रेनचे प्लांट हल्ल्यात उद्ध्वस्त झालेले म्हणून तो विकणारा राहिला नव्हता, घेणारा झाला होता, आणि पश्चिमेकडून वीज यायला लाइनी अपुऱ्या. ग्रीसच्या पंतप्रधानांनी युरोपियन कमिशनला पत्र लिहून तक्रार केली. हे सगळे देश सभासद आहेत बरं, एकत्र लिलावातही आहेत. कापडवाल्याचा फोन आठवतो मला.

जुन्या सभासदांवर काय परिणाम होतो हेही विचारा, ते लोक लिहीत नाहीत. एका फ्रिक्वेन्सीवर आलं की एकाची चूक सगळ्यांच्या अंगावर येते. 2018 च्या जानेवारी ते मार्चमध्ये सर्बिया आणि कोसोवोच्या वादात कोसोवोकडून जेवढी वीज वापरली जात होती तेवढी ग्रिडमध्ये घातली जात नव्हती आणि सर्बिया ती भरून काढत नव्हता. आकडा फार मोठा नाही, 113 गिगावॅट-अवर, म्हणजे 11.3 कोटी युनिट. पण त्याने अख्ख्या युरोपची फ्रिक्वेन्सी 50 च्या किंचित खाली राहिली आणि ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी घड्याळं, ओव्हनवरची, रेडिओची, पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत जवळपास 6 मिनिटं मागे पडली! दोन्ही पक्ष युनियनच्या बाहेरचे, घड्याळं युनियनमधली. मग 8 जानेवारी 2021 ला क्रोएशियातल्या एर्नेस्टिनोवो सबस्टेशनला एक उपकरण ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, आणि सगळा युरोप दोन तुकड्यांत विभागला, तासाभराने परत जोडला. तिथे संरक्षण व्यवस्था चांगली होती म्हणून अंधार झाला नाही.

आपल्याकडे 30 जुलै 2012 च्या रात्री अडीचच्या सुमारास बिना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि उत्तरेचा ग्रिड कोसळला तेव्हा मी पश्चिम ग्रिडच्या बाजूने बघत होतो, आमची जाणारी वीज एकदम अडली आणि फ्रिक्वेन्सीचा काटा 51 च्या दिशेने उसळला, टेबलावरचे सगळे फोन एकदम वाजायला लागले आणि कोणीच कोणाशी एक शब्द जास्तीचा बोललं नाही. आम्ही वाचलो. पण आदल्या कितीतरी दिवसांपासून काही राज्यं हक्कापेक्षा जास्त ओढत होती आणि सगळ्यांना ते दिसत होतं. म्हणून मी म्हणतो की नवा देश जोडताना तो किती वीज आणतोय यापेक्षा तो शिस्त पाळेल का हे आधी बघायचं, आणि युनियनचं सभासदत्व यात खरंच उपयोगी पडतं, कारण आत असलेल्याला नियम मोडला तर कोर्टात खेचता येतं.

इथवर जे सांगितलं ते थोडक्यात परत: जोडल्याने भाव जवळ येतात, कोणाचा चढेल ते तो देश विकणारा आहे की घेणारा त्यावर ठरतं, किती जवळ येतील ते तारेवर आणि तारेतली किती जागा व्यापाराला खुली ठेवतात त्यावर (2019 च्या कायद्यात किमान 70 टक्के ठेवा असा नियम आहे), आणि सभासदत्वाचं काम म्हणजे अटी, पैसा आणि शिस्त.

पुढे काय हे परिस्थितीवर अवलंबून आहे, पण एक गोष्ट ठामपणे सांगतो: बाल्कन देशांसाठी यापुढचा मोठा विषय कार्बनचा आहे. युनियनमध्ये 2005 पासून कोळशाच्या प्लांटला धुरामागे पैसे भरावे लागतात. सर्बिया, बोस्निया, कोसोवो यांचे प्लांट हलक्या प्रतीच्या लिग्नाइट कोळशावर चालतात आणि असा भाव तिथे लागत नव्हता, म्हणून त्यांची वीज सीमेपलीकडे स्वस्त पडायची. 1 जानेवारी 2026 पासून युनियनने बाहेरून येणाऱ्या विजेवरही कार्बनचा आकार लावलाय. म्हणजे बाहेर राहिलं तर सीमेवर पैसे युनियनला जाणार, आत गेलं तर तेच पैसे स्वतःच्या तिजोरीत येणार पण घरच्या बिलातही चढणार. अल्बानियाची बहुतेक वीज धरणांची, त्याला हा त्रास नाही, त्याला पाऊस पडला की नाही एवढीच काळजी. मॉन्टेनेग्रो आणि इटलीमध्ये 2019 च्या शेवटी समुद्राखालून 600 मेगावॅटची केबल सुरू झाली, म्हणजे दिल्लीचा वॅगन आधीच दारात लावून ठेवलाय. एकाच भागातले देश आणि उत्तरं तीन वेगळी. युक्रेनचं आणखी वेगळं, अणुवीज आहे, जमिनीखाली 31 अब्ज घनमीटरच्या आसपास गॅस साठवायची जागा आहे, शांतता असेल तर तो सगळ्या पूर्व युरोपचं कोठार होऊ शकतो, आणि आज त्याला स्वतःलाच वीज बाहेरून घ्यावी लागते.

तुमच्या जागी मी असतो तर सगळा युरोप घेतला नसता. लिथुआनिया आणि हंगेरी हे दोनच देश घ्या, प्रत्येकाच्या त्या तीन तारखा लिहा आणि प्रत्येक तारखेच्या आधीचे-नंतरचे भाव शेजाऱ्याच्या भावातून वजा करून बघा, कारण नुसत्या भावात गॅस, पाऊस, युद्ध सगळं मिसळलेलं असतं, फरकात ते बरंचसं गळून पडतं. आणि दिवसाची सरासरी घेऊ नका. दुपारी 1 चा तास आणि संध्याकाळी 8 चा तास वेगवेगळे काढा. आपल्याकडे साक्रीच्या सोलर प्लांटची वीज दुपारी वाहते आणि शेतीपंपाला दिवसा द्यायची धडपड चालते ती त्याचसाठी, दुपारची वीज आणि रात्रीची वीज हे आता दोन वेगळे माल आहेत. 8 च्या तासात फरक उरलेला दिसला तर त्या सीमेवर लाइन कमी आहे असं धरून चला आणि मग त्या लाइनीचा शोध घ्या.

आकडे काढलेत की मला पाठवा, टेबल मी बघून देतो.